आग्रा रोडवरची तांबडी गाडी

माय,

गाडी बघायला पुण्याहून एक माणूस आला होता. त्याआधी भाऊने मला जळगावला दवाखान्यात फोन केला. वॉर्डातल्या आयाने मला बोलावून आणलं, आणि पलीकडून भाऊ एवढंच म्हणाला, "ये. तिचं काय करायचं ते ठरवावं लागेल." ती म्हणजे कोण, हे आपल्या घरात कधी कुणाला विचारावं लागलं नाही. तू जाऊन तप उलटलं तरी ती खाणावळीमागच्या शेडमध्ये होती तशीच विटांवर उभी होती, अंगावर तुझंच जुनं गोणपाट. कागद तू मरायच्या आधी माझ्या नावावर करून ठेवलेस, भाऊच्या नाही. म्हणून विकायची की ठेवायची, हे मला सांगावं लागणार होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं. सुटी टाकून मी धुळ्याची एस.टी. पकडली. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशीच भांडत होते. तेच आता कागदावर लिहिते आहे.

नाना गेले त्या दिवसाचं मला सगळं आठवतं असं नाही. लोकांनी सांगितलेलं आणि मी पाहिलेलं आता एकमेकांत मिसळून गेलंय. पण एवढं माझं स्वतःचं आहे. तू चुलीपुढे बसली आहेस, तव्यावर भाकरी आहे, आणि मी तुझ्या मागे गोणपाटावर बसून शेंगा फोडते आहे. खाणावळ तेव्हा झालेली नाही, नुसती चहाची टपरी आहे. नाना रस्त्यापलीकडच्या गोठ्यातून दुधाची किटली घेऊन निघालेत. मला बघून त्यांनी मोकळा हात वर केला. तेवढ्यात लळिंगच्या उतारावरून एक आवाज आला. ट्रकचा नव्हे, एस.टी.चा नव्हे, तसा आवाज आपण कधी ऐकलाच नव्हता. मी मान वळवली तेव्हा नाना हवेत होते. टपरीच्या छपरापेक्षा वर गेले आणि डोक्यावर आपटले. गाडी फिरली, बाभळीला धडकली आणि थांबली. तांबडी, टप नसलेली, दोनच माणसं बसतील एवढीशी. तिच्यात एकच होता, पांढऱ्या शर्टातला, विशी-बाविशीचा, मुंबईहून इंदूरकडे चाललेला.

त्याला लोकांनी केसाला धरून बाहेर ओढलं. टपरीवर चार ट्रक उभे असतील, त्यांचे ड्रायव्हर, क्लीनर, शेतातून धावत आलेली माणसं, सगळे त्याच्यावर तुटून पडले. पट्ट्याने, चपलेने, दगडाने. तो आधी इंग्रजीत ओरडत होता, मग हिंदीत, मग नुसता आई आई करायला लागला. एक क्लीनर टायर काढायची लोखंडी टॉमी घेऊन आला. तेव्हा तू उठलीस. तुझ्या हातात तापलेलं उलथणं होतं. लोकांनी वाट करून दिली, पहिला हक्क तुझाच होता ना. तू ते उलथणं त्या गाडीवाल्या पोराच्या गालावर मारलंस. कातडी जळल्याचा वास मला आला, माय, तो मी आजही भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात ओळखते. मग तू त्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहिलीस, आणि जो पुढे येईल त्याच्यावर तेच उलथणं चालवायला लागलीस. टॉमीवाल्या क्लीनरच्या मनगटावर असं बसलं की टॉमी खाली पडली. "बस! एक मढं व्हयनं, दुसरं नको!" तू ओरडत होतीस. पदर कुठे, केस कुठे. माणसं मागे सरली. नाना आणि तो, दोघांना एकाच ट्रकच्या हौद्यात घालून धुळ्याला सिव्हिलमध्ये नेलं. मधे तू बसलीस, एक हात नानांच्या छातीवर आणि दुसरा त्या पोराच्या कपाळावर. मला भाऊने कडेवर घेतलं होतं. तोही लहानच होता.

पुढे त्या पोराचा बाप आला, वकिलाला घेऊन. मोठा माणूस, गिरणीवाला. खाटेवर बसायला सांगितलं तर बसला नाही.

"बाई, पैसे घ्या," तो म्हणाला. "मुलं लहान आहेत."

"पैसा नको. गाडी दे."

"गाडी? ती मोडलीय. तुम्ही काय करणार तिचं?"

"ती परत रस्तावर नको. बस, इतलंच."

त्याने वकिलाकडे बघून होकाराची मान हलवली. मग तुझ्या पाया पडायला वाकला, म्हणाला माझ्या मुलाचा जीव वाचवलात, आणि तू पाय मागे घेतलेस. पोलिसांच्या आवारातून गाडी सुटली तेव्हा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून तू ती ओढून आणलीस. चाकं काढून माळ्यावर टाकलीस, गाडी विटांवर चढवलीस आणि शेडला कुलूप लावलंस. गावातल्या बायका म्हणाल्या, नवऱ्याला मारणारं धूड दारात बांधलं. तू ऐकून घेतलंस.

टपरीची खाणावळ झाली ती नंतर, तुझ्या एकटीच्या जिवावर. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. इंदूरपासून नाशिकपर्यंतचे ड्रायव्हर तुला अक्का म्हणायचे आणि तुला टरकून असायचे. दारू पिऊन आलेल्याला तू चिमट्याने हाकललेलं मी कितीदा पाहिलं. एकाने तुझा हात धरला तर उकळतं तेल त्याच्या पायावर ओतलंस. आम्हालाही कमी मारलं नाहीस. पण सगळ्यात जास्त मार खाल्ला तो त्या गाडीने. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कधीतरी तू धुण्याची मोगरी उचलायचीस, शेडचं कुलूप उघडायचीस, आणि आम्हाला आवाज ऐकू यायचे, पत्र्यावर मोगरी बसल्याचे, एकामागून एक. आम्ही जेवत असलो तर जेवत राहायचो. तू घामाघूम होऊन बाहेर यायचीस, हात धुवायचीस आणि पीठ मळायला बसायचीस. शिव्या नाही, रडणं नाही. भाऊ म्हणायचा, माय नानांशी बोलून आली.

एकदा शेड उघडं राहिलं आणि मी शेजारच्या मैत्रिणीला घेऊन गाडीत जाऊन बसले. स्टिअरिंग धरून तोंडाने घूं घूं केलं. तू मागून आलीस आणि वेणीला धरून मला असं ओढलंस की माझी भुवई दाराच्या कडेला फाटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी तू मारत होतीस. "ती माणूसखाऊ शे! माणूसखाऊ शे ती!" मैत्रीण पळाली ती पुन्हा आपल्या घरी आली नाही. संध्याकाळी तू हळद भरलीस, मला चुलीजवळ बसवलंस आणि पहिला मांडा माझ्या ताटात टाकलास, तूप थापून. त्या दिवशी सण नव्हता, काही नव्हतं. पुरण कधी शिजवलंस कोण जाणे. मी खात होते आणि तू माझ्याकडे बघत नव्हतीस. तू मला नर्सिंगला जाऊ दिलंस तेव्हाही तसंच. जळगावच्या गाडीत बसवताना खिडकीतून माझ्या हातात एक घड्याळ कोंबलंस, सेकंदकाट्याचं, "नाडी मोजाले लागी" म्हणालीस आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवलीस. धुळ्याच्या बाजारात जाऊन तू दुकानदाराला काय विचारलं असशील, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

आता भाऊचं लिहायला हवं. ते मी आजवर टाळत आले.

तो गॅरेजात शिकत होता, विशीत होता. इंजिनशिवाय त्याला काही सुचायचं नाही. तू आठवडी बाजारासाठी धुळ्याला गेलीस की तो शेडचे मागचे पत्रे सरकवून आत शिरायचा. वर्षभर त्याने ती गाडी आतून जुळवली. मला माहीत होतं, मी सुटीत आले की तो मला हळूच सांगायचा, आज कार्ब्युरेटर मोकळा केला, आज हे केलं. मला वाटायचं तो तिला नीट करून तुला दाखवेल आणि मग काहीतरी संपेल. त्या दुपारी मी घरी होते. तू भाकरी थापत होतीस. मागून तो आवाज आला. मी तुझ्याकडे बघितलं. तुझा हात परातीत तसाच राहिला, आणि मला कळलं की तुला कान बंद करता आले असते तर तू केले असतेस. मग तू उठलीस. दाराशी सरपण फोडायची कुऱ्हाड होती.

मी मागे धावले. भाऊ गाडीत बसला होता, तोंडावर ऑइल, आणि इतका हसत होता. "माय, दख! चालू व्हयनी!" पहिला घाव बॉनेटवर बसला. दुसऱ्याने समोरची काच फुटली. तो "माय, माय" करत उठला, इंजिन बंद करायला वाकला आणि डावा हात आडवा धरला. तिसरा घाव हातावर बसला. दोन बोटं. इंजिन चालूच होतं. तू कुऱ्हाड टाकलीस का, ती तुझ्या हातून पडली का, मला सांगता येत नाही. मी ओढणीने त्याचं मनगट आवळलं, एका ट्रकवाल्याने आम्हाला सिव्हिलला नेलं. तासाभराने तू आलीस. जेवणाच्या डब्यात ओलं फडकं, फडक्यात त्याची बोटं. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा कुठे जोडत होते बोटं. तू तो डबा मांडीवर घेऊन व्हरांड्यात जमिनीवर बसून राहिलीस. भाऊला घरी सोडलं त्या दिवशी तो तुझ्यासमोरून चालत गेला, एस.टी. स्टँडवर, तिथून सुरतेला. तू जिवंत असेपर्यंत तो परत आला नाही. शेवटी मी तुला माझ्या वॉर्डात ठेवलं होतं, अर्धांगाने तुझी उजवी बाजू गेली होती. त्याला तार केली. तो आला तेव्हा तू नव्हतीस. पण मग तो गेलाही नाही. खाणावळ सांभाळली, शेजारी गॅरेज टाकलं, लग्न केलं. शेडला त्याने हात लावला नाही.

तर तो पुण्याचा माणूस. वाईट नव्हता, माय, हे मला आधी सांगू दे. हळू बोलणारा, सभ्य. अशा गाड्या तो शोधत फिरतो, दुरुस्त करतो, जपतो. गोणपाट काढल्यावर त्याने चष्मा काढून पुसला. आजारी जनावराला बघावं तसा तिच्याभोवती फिरला. म्हणाला, अशी आपल्या देशात आणखी एखादी असली तर असेल. मोगरीने पडलेल्या पोच्यांवरून हात फिरवला. मग बॉनेटवरच्या घावाशी आला. त्यात त्याचं बोट शिरलं.

"हे कोणी केलं हो?"

"आमच्या मायने," भाऊ म्हणाला.

तो चुकचुकला. "साहजिक आहे. बिचाऱ्यांना हिची किंमत कळली नसणार."

भाऊने त्याला मारलं. आधी बोलला नाही, काही नाही. उजव्या हाताची मूठ सरळ नाकावर. तो माणूस गाडीवर आपटला, चष्मा फुटला, तर भाऊने त्याची कॉलर त्या तीन बोटांच्या हाताने धरून त्याला उचललं आणि भिंतीवर आदळलं, परत एकदा आदळलं. पत्रा वाजत होता. "किंमत सांगतो मी तुले! दख, किंमत दख!" आणि तो तुटका पंजा त्याच्या डोळ्यांसमोर नाचवत होता. गॅरेजातली माणसं धावली. तिघांना तो आवरत नव्हता. मी मधे घुसले तर त्याचा कोपर माझ्या दातांवर बसला. माझ्या तोंडात रक्त आलं ते बघून तो थांबला.

मी त्या माणसाला ओट्यावर बसवलं, नाकात बोळे घातले, मान खाली धरली. पोलिसांत जातो म्हणाला असता तर मी अडवलं नसतं. पण चहा घेतल्यावर त्याने वर बघितलं आणि बोळ्यांतून म्हणाला, "गाडीचं मात्र बघा हं, ताई. मी फोन करेन." मला हसू आलं आणि ओठ दुखला.

तो गेल्यावर भाऊ नळाखाली डोकं धरून बसला होता. मी विचारलं, "का मारलंस?"

"मायवर बोलला."

"तू तर तिच्याशी कधी बोलला नाहीस परत."

"मी नाही बोललो. म्हणून कोणीही बोलावं?" मग डोकं पुसत म्हणाला, "काढून टाक ती."

मी म्हटलं, ते मला जमायचं नाही. माझी नोकरी त्याला माहीत आहे. रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं मी रोज धुते, एखाद्याचा पाय वेगळ्या चादरीत येतो. दर वेळी मनात येतं की निदान एक गाडी माझ्या मायने रस्त्यावरून काढली. हजारातली एक का असेना. त्या पुण्याच्या माणसाला विकली तर तो तिला नीट करणार, चालवणार. कुणाच्या तरी गावावरून ती जाणार. "माय एकच म्हणाली होती," मी म्हटलं. "परत रस्त्यावर नको."

"मायने रस्त्यावरून काढली आणि घरात आणली," भाऊ म्हणाला. "रस्त्यावर एक मेला. घरात काय काय झालं ते तू सांग. तुझी भुवई सांग. आज मी त्या परक्या माणसाला मारून टाकला असता. बायको दारात उभी राहून बघत होती. ही इथे असली की आपण असेच होतो गं. मीही होतो."

त्याने मला कधी गं म्हटलं नव्हतं. मी शेडमध्ये गेले. बराच वेळ तिथे बसले. त्या माणसाचं रक्त दाराच्या कडेवर सुकलं होतं, जिथे माझं लागलं असेल त्याच्याच आसपास. तू रागावशील हे मला माहीत होतं. तू चुकीची होतीस असं मला आजही म्हणता येत नाही. त्या गिरणीवाल्याला तू जे म्हणालीस त्यापेक्षा शहाणं कोणी काही बोललेलं मी ऐकलेलं नाही. पण ती एका दिवसापुरती गोष्ट होती, आणि तू ती आम्हाला जन्मभर दिलीस. मी बाहेर येऊन भाऊला म्हटलं, बोलाव त्याला.

कागदावर सही करायला मी गेल्या रविवारी परत गेले. भाऊने तोवर गाडी विटांवरून उतरवली होती, माळ्यावरच्या चाकांना कुठून कुठून टायर जमवले होते, इंजिन चालू केलं होतं. त्या माणसाला ते ऐकायचं होतं म्हणे. बॉनेटवरचा घाव मात्र भाऊने कुणाला भरू दिला नाही, ते विकत घेणाऱ्याने करावं म्हणाला. ट्रक यायला अवकाश होता. भाऊ चालवायच्या जागेवर बसला, शेजारचं दार आतून ढकललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसतेस?"

मी बसले, माय. तो गिअर तळव्याने टाकतो, बोटं नाहीत म्हणून. आम्ही खाणावळीसमोरून रस्त्याला लागलो आणि लळिंगकडे वळलो. ती बाभूळ कधीच तोडली आहे, पण जागा आम्हा दोघांना ठाऊक आहे. तिथे भाऊने गाडी हळू केली, अगदी माणसाच्या चालीने.  मग चढ लागला, रस्ता रिकामा होता. समोर काच नव्हती. वाऱ्याने माझ्या केसांच्या पिना सुटल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि खालून तो आवाज उठला, जो मी लहानपणापासून झोपेत ऐकत आले.

दुपारी ट्रकवर चढवून तिला नेलं. मी जळगावला परत आले. हे पत्र कपाटात राहील, मी ते भाऊलाही दाखवणार नाही, कारण चढावर काय झालं ते त्याला ठाऊक आहे, आणि तुला सांगायला मला आत्तापर्यंत इतकी पानं लागली. मी घाबरेन असं वाटून तो वेग कमी करत होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि ओरडले, अजून जोरात.